नैसर्गिक आपत्ती आणि पाहणाऱ्यांची कसोटी

प्रस्तावना

भूकंप, महापूर, दरड, वणवा किंवा त्सुनामी यांसारखी आपत्ती कोसळली की समाजात दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काही लोक मदतीसाठी धावतात. काही लोक मात्र दुरून पाहतात, हसतात, टोमणे मारतात किंवा 'हे त्यांच्या कर्माचे फळ' असा निवाडा देऊन मोकळे होतात. पूर्वी ही थट्टा चहाच्या टपरीवर किंवा चावडीवर होई आणि तिथेच विरून जाई. आता मोबाईलमुळे ती काही मिनिटांत हजारो लोकांपर्यंत पोहोचते. ज्याचे घर वाहून गेले त्याच्या हातातील मोबाईलवरही ती जाऊन पडते. दुःखाची गोष्ट अशी की या थट्टेला अनेकदा धर्माचा आधार दिला जातो. असा आधार इस्लामच्या शिकवणुकीत सापडतो का, इतिहास या बाबतीत काय सांगतो आणि सुजाण माणसाने अशा वेळी कसे वागावे, याचा विचार या लेखात केला आहे.

जामसांवली आणि मोवाड

मध्य प्रदेशाच्या पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तालुक्यात जामसांवली हे गाव आहे. हा भाग महाराष्ट्राच्या सीमेला लागून असून येथे घराघरांत मराठी बोलली जाते. संत्र्याच्या बागांसाठी तो ओळखला जातो. जामसांवली प्रसिद्ध आहे ती तेथील हनुमानाच्या आडव्या, निजलेल्या अवस्थेतील मूर्तीमुळे. मानसिक व्याधींनी त्रस्त झालेल्या माणसांना त्यांचे नातलग लांबलांबून येथे घेऊन येतात. श्रद्धेचा आणि उपचाराचा प्रश्न वेगळा आहे आणि तो या लेखाचा विषय नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घरातले आजारी माणूस चारचौघांत, गर्दीसमोर आणताना त्या कुटुंबाने पाहणाऱ्यांवर एक विश्वास टाकलेला असतो. पाहणारा हसणार नाही, हा तो विश्वास होय. संकटात सापडलेला प्रत्येक मनुष्य असाच उघडा पडलेला असतो. त्याचे घर, कपडे, अश्रू, प्रेते, सारे काही लोकांसमोर येते. त्याची अब्रू त्या क्षणी पाहणाऱ्याच्या हाती असते.

याच परिसरातील एक जखम अजून जुन्या लोकांच्या स्मरणात आहे. पांढुर्ण्याजवळ सीमा ओलांडली की नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी मोवाड हे छोटे गाव लागते. वर्धा नदी बैतूल जिल्ह्यातील मुलताई परिसरात उगम पावते आणि उतारावरून विदर्भात शिरते. ३० जुलै १९९१ रोजी या नदीला महापूर आला आणि मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसे दगावली. घरे, दुकाने, गुरेढोरे वाहून गेली. आलेल्या पाण्याने कोणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही.

अशा वेळी दूरच्या माणसाच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो : 'नदीच्या काठी घर बांधायचेच कशाला?' हा प्रश्न साधा वाटतो, परंतु त्यात दोषारोप दडलेला असतो. पाणी, माती, बाजार आणि रस्ता यांमुळे जगभरातील गावे नदीकाठी वसली. उंचावरची जागा महाग असते आणि सखल भाग गरिबाच्या वाट्याला येतो. मनुष्य तेथे हौसेने राहत नाही. हा प्रश्न नगररचनाकाराने वेळेवर विचारला तर तो उपयोगी आहे. प्रेत शोधणाऱ्या बापाला विचारला तर तो क्रूरपणा आहे.

तारखांचा योगायोग

३० जुलै ही तारीख पुढेही दोनदा आली. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण या आदिवासी वस्तीवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एस. टी. च्या चालकाला तेथे गावच दिसले नाही आणि त्याच्यामुळे ही बातमी बाहेर आली. ३० जुलै २०२४ रोजी केरळच्या वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई आणि चूरलमला येथे दरडी कोसळून शेकडो लोक मृत्युमुखी पडले.

तीन वर्षे, तीन प्रांत आणि एकच तारीख. ज्याला प्रत्येक घटनेत गूढ संकेत शोधायचा आहे त्याला येथे भरपूर वाव मिळेल. परंतु खरे कारण अगदी साधे आहे. जुलैचा उत्तरार्ध हा आपल्याकडे पावसाच्या जोराचा काळ असतो. तोपर्यंत जमीन पाण्याने भरलेली असते, ओढे-नाले तुडुंब असतात आणि अशा स्थितीत एका रात्रीची अतिवृष्टी पुरेशी ठरते. विदर्भातील शेतकरी, सह्याद्रीतील आदिवासी आणि मलबारमधील मळेकामगार यांनी मिळून कोणते सामाईक पाप केले होते, असा शोध घेणे व्यर्थ आहे. तरीही वायनाडच्या दुर्घटनेनंतर राजस्थानातील एका राजकीय नेत्याने तिचा संबंध गोहत्येशी जोडला. प्रेते अजून चिखलात असताना हा निवाडा दिला गेला.

थट्टेचे प्रकार

आपद्ग्रस्तांची अवहेलना नेहमी एकाच रूपात येत नाही. तिचे पुढील प्रकार करता येतील.

१) उघड थट्टा. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला. मदत छावण्यांतील स्त्रियांसाठी सॅनिटरी पॅड हवेत, असे आवाहन झाले असता ओमानमध्ये नोकरी करणाऱ्या एका मल्याळी माणसाने त्यावर अश्लील विनोद केला. लोकांनी संताप व्यक्त केला, त्याने माफी मागितली, पण त्याची नोकरी गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप होऊन पन्नास हजारांहून अधिक लोक मेले. त्याच दिवशी 'शार्ली एब्दो' या फ्रेंच साप्ताहिकाने पडलेल्या इमारतींचे व्यंगचित्र काढले आणि आता रणगाडे पाठवण्याचीही गरज उरली नाही, अशा आशयाची ओळ त्याखाली दिली. जगभरच्या मुसलमानांना त्याचा खेद वाटला आणि तो रास्त होता.

२) पापाचा निवाडा. येथे हसू नसते, गंभीर चेहरा असतो. पण परिणाम तोच होतो. मेलेला मनुष्य गुन्हेगार ठरतो आणि वाचलेला कलंकित.

३) दोषारोप. 'इशारा दिला होता, ऐकला नाही' हे त्याचे नेहमीचे रूप आहे.

४) तमाशा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत (आजचे धाराशिव) भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची कित्येक गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे आठ हजार लोक मेले. मदत करणाऱ्यांबरोबर नुसते पाहण्यासाठी आलेल्यांचीही तेथे गर्दी झाली आणि बचावकार्याला तिचा अडथळा झाला. आज तीच गर्दी मोबाईल घेऊन येते आणि वाहून जाणाऱ्या माणसाचे चित्रण करते.

५) मदतीतील अपमान. फाटके-मळके कपडे, खराब धान्य, आणि ते देताना घेतलेले छायाचित्र. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. मासेमारी करणाऱ्या स्वाभिमानी कुटुंबांनी ते घेतले नाहीत. पवित्र कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात याबाबत दोन स्पष्ट सूचना आहेत. उपकाराची जाणीव करून देऊन किंवा मन दुखावून आपले दान वाया घालवू नये, ही एक. आणि जी वस्तू आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ती दुसऱ्याला दान म्हणून निवडू नये, ही दुसरी.

मनुष्य असे का करतो?

हसणारा प्रत्येक जण दुष्ट असतो, असे मानण्याचे कारण नाही. मेल्विन लर्नर या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात या प्रश्नाचा अभ्यास केला. त्याच्या प्रयोगात लोकांना एका स्त्रीला विजेचे धक्के बसत असल्याचा देखावा दाखवण्यात आला. ज्यांना तिचा त्रास थांबवण्याची संधी मिळाली त्यांचे तिच्याबद्दलचे मत चांगले राहिले. ज्यांना वाटले की त्रास चालूच राहणार आहे आणि आपल्याला काहीच करता येणार नाही, ते तिलाच कमी लेखू लागले.

याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की, जग न्यायाने चालते असे मानल्याखेरीज माणसाला निश्चिंत राहता येत नाही. निरपराध मनुष्य मरताना दिसला की हा विश्वास डळमळतो आणि 'उद्या आपणही' ही भीती उभी राहते. मग मन सोपी वाट काढते : त्याने काहीतरी केले असेल, मी तसे केलेले नाही, म्हणून मी सुरक्षित आहे. थट्टा आणि निवाडा यांच्या मुळाशी पुष्कळदा ही भीती असते.

या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. मदत करणारा मनुष्य तुच्छतेपासून वाचतो. ज्याचे हात गुंतलेले असतात त्याची जीभ आपोआप आवरली जाते. म्हणून थट्टेवरचा उपाय केवळ उपदेश नाही. कितीही लहान असो, काहीतरी प्रत्यक्ष मदत करणे हाच तो उपाय आहे.

इस्लामी शिकवण

दुसऱ्याच्या संकटाने आनंद होणे याला अरबी भाषेत 'शमातत' असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्या बांधवाच्या संकटावर आनंद व्यक्त करू नये, नाहीतर अल्लाह त्याच्यावर दया करील आणि तुम्हाला त्या संकटात टाकील, अशा आशयाची हदीस तिर्मिजीच्या संग्रहात आहे. पवित्र कुरआनच्या ४९ व्या अध्यायात एका समाजाने दुसऱ्या समाजाची टर उडवू नये अशी आज्ञा असून, ज्यांची टर उडवली जाते ते अधिक चांगले असू शकतात, असे त्याचे कारणही दिलेले आहे. इमाम गजाली यांनी आपल्या 'इह्या' या ग्रंथात जिभेच्या आपत्तींचे एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यांनी मोजलेल्या वीस आपत्तींमध्ये थट्टा आणि टवाळी यांचा समावेश आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील काही प्रसंग या विषयावर थेट प्रकाश टाकतात.

पहिला प्रसंग ग्रहणाचा आहे. प्रेषितांचे लहानगे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की या मृत्यूमुळेच ग्रहण लागले. शोकात असलेल्या पित्याला हे ऐकून समाधान वाटले असते तर नवल नव्हते. परंतु प्रेषितांनी (स.) लगेच खुलासा केला की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या मरण्याने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. निसर्गातील घटनेचा संबंध विशिष्ट माणसाच्या भाग्याशी जोडण्याचे त्यांनी अशा रीतीने स्वतःच्या घरच्या बाबतीतही नाकारले.

दुसरा प्रसंग वाऱ्याचा आहे. आकाशात काळे ढग आणि वादळी वारा दिसला की प्रेषितांच्या (स.) चेहऱ्यावर चिंता उमटे, असे हजरत आयशा (र.) सांगतात. त्यांनी कारण विचारले तेव्हा प्रेषितांनी 'आद' या जमातीची आठवण दिली. त्या लोकांनीही ढग पाहून पाऊस येणार असे मानले होते. येथे लक्षात घेण्याची बाब ही की, ही भीती स्वतःच्या वस्तीसाठी होती. शेजारच्या वस्तीकडे बोट दाखवण्यासाठी नव्हती.

तिसरा प्रसंग मक्केच्या दुष्काळाचा आहे. कुरैशांचा विरोध टोकाला गेला असता प्रेषितांनी (स.) त्यांच्याविरुद्ध प्रार्थना केली आणि दुष्काळ पडला. लोकांवर हाडे आणि कातडी खाण्याची पाळी आली. तेव्हा त्या काळचे कट्टर विरोधक अबू सुफियान प्रेषितांकडे आले आणि नात्याची आठवण देऊन प्रार्थनेची विनंती करू लागले. प्रेषितांनी (स.) त्यांना टोमणा मारला नाही. त्यांनी पावसासाठी दुआ केली. पुढे यमामाचे सरदार सुमामा यांनी मक्केला जाणारे धान्य बंद केले, तेव्हाही प्रेषितांनी ते पुन्हा सुरू करण्यास सांगितले. शत्रूची उपासमार हा आनंदाचा विषय असू शकत नाही, हे यातून सिद्ध होते.

चौथा प्रसंग सर्वपरिचित आहे. एक अंत्ययात्रा जवळून जात असता प्रेषित (स.) उभे राहिले. ती एका यहुदी माणसाची आहे असे कोणीतरी सांगितले असता, तो एक जीव नव्हता काय, असा प्रश्न त्यांनी केला.

याशिवाय बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत शहीद कोणाला म्हणावे याविषयी जी हदीस आहे तिच्यात साथीच्या रोगाने मेलेल्याबरोबर पाण्यात बुडून मेलेला आणि पडलेल्या बांधकामाखाली चिरडून मेलेला यांचाही समावेश आहे. म्हणजे पूर आणि भूकंप यांत मेलेल्या श्रद्धावंताला हा सन्मान दिला गेला आहे. ज्या मृत्यूला धर्माने सन्मान दिला, त्या प्रकारच्या मृत्यूवर धर्माचे नाव घेऊन हसणे हा मोठा विरोधाभास आहे.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

येथे एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. पवित्र कुरआनात हजरत नूह यांच्या काळचा महापूर, आद आणि समूद या जमातींचा विनाश यांची वर्णने आहेत. मनुष्यावर येणारे संकट त्याच्या हातच्या कमाईमुळे येते, असेही ४२ व्या अध्यायात सांगितले आहे. मग आपत्तीला शिक्षा का म्हणू नये?

याची तीन उत्तरे देता येतील.

पहिले उत्तर असे की, त्या जमातींचा निकाल दिव्य प्रकटीकरणातून कळला. प्रेषितत्वाची परंपरा पूर्ण झाल्यानंतर, अमुक गावावर आलेला पूर ही शिक्षा होती असे निश्चितपणे सांगण्याचे साधन कोणाही माणसाजवळ उरलेले नाही. जो तसे सांगतो तो अल्लाहच्या नावाने स्वतःचे मत खपवतो.

दुसरे उत्तर असे की, ४२ व्या अध्यायातील त्याच आयतीत अल्लाह पुष्कळ गोष्टी माफ करतो असेही म्हटले आहे. तिचा उपयोग स्वतःला तपासण्यासाठी आहे. आजारी मनुष्याने आपल्या चुका आठवणे वेगळे आणि भेटायला आलेल्याने त्याच्या चुका मोजणे वेगळे. हजरत अय्यूब यांची व्याधी ही त्यांच्या पापाची शिक्षा नव्हती, हे प्रत्येक मुसलमान मानतो.

तिसरे उत्तर असे की, दुसऱ्या अध्यायात भीती, भूक, संपत्ती, प्राण आणि फळे यांच्या हानीद्वारे परीक्षा घेतली जाईल असे सांगितले आहे. येथे शब्द परीक्षेचा आहे. पांढुर्णा-सौंसरच्या ज्या शेतकऱ्याची संत्र्याची बाग गारपिटीत झोडपली गेली असेल त्याला 'फळांची हानी' म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. परीक्षा त्याची आहे आणि तितकीच त्याच्याकडे पाहणाऱ्या शेजाऱ्याचीही आहे.

दुहेरी माप

या विषयात सर्वांत कठीण भाग आत्मपरीक्षणाचा आहे. आपल्यावर आली ती परीक्षा आणि दुसऱ्यावर आली तो प्रकोप, असे दुहेरी माप सर्वच समाज वापरतात. मुस्लिम समाजही त्याला अपवाद नाही.

२००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले तेव्हा काही मुस्लिम वक्त्यांनी ते अमेरिकेच्या पापाचे फळ असल्याचे सांगितले. काही ख्रिस्ती धर्मोपदेशकांचेही तेच मत होते. त्याच वर्षी ८ ऑक्टोबर रोजी, रमजान महिन्याच्या सुरुवातीलाच, काश्मीरच्या नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंना भूकंप झाला. रोजेदार माणसे आणि वर्गात बसलेली हजारो मुले त्यात मेली. आदल्या महिन्यात दिलेला निवाडा आता कोणत्या तोंडाने द्यायचा?

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात वणवा पेटला तेव्हा गाझातील युद्धाचा संताप मनात असलेल्या अनेकांनी त्यावर आनंद व्यक्त केला. गाझातील निरपराध माणसांविषयीचे दुःख खरे होते. पण त्या आगीत अल्टाडेना येथील मशीद अत-तकवाही जळून गेली. तेथे नमाज पढणाऱ्या कुटुंबांची घरेही गेली. आगीने कोणाला निवडून काढले होते, याचे उत्तर या एका घटनेत मिळते.

आपल्या शेजारचे उदाहरण घ्यावयाचे तर किल्लारीचे आहे. भूकंप झाला त्याच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून दमलेली माणसे झोपली होती. काश्मीरमध्ये रोजेदार आणि किल्लारीत गणेशभक्त. दोन्हीकडे लोक आपापल्या श्रद्धेच्या सर्वांत उत्कट दिवसांत होते. किल्लारीत माणसे मेली ती जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर टाकलेली जड मातीची धाबी अंगावर कोसळली म्हणून. यातील बोध बांधकामाचा आहे. पापाचा निवाडा दिला की हा बोध हरवतो आणि पुढचे घर पुन्हा तसेच बांधले जाते.

याच मुद्द्यावर भारतात एक थोर वादविवाद होऊन गेला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप होऊन हजारो लोक मेले. तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे महात्मा गांधींनी म्हटले. रवींद्रनाथ टागोरांना अस्पृश्यता गांधींइतकीच अमान्य होती. तरीही त्यांनी जाहीर विरोध नोंदवला. भौतिक आपत्तीचे कारण भौतिक घटनांतच असते आणि असा युक्तिवाद विरोधकही आपल्या सोयीने वापरू शकतील, असा त्यांचा आशय होता. गांधींनी टागोरांचे हे पत्रक स्वतःच्या 'हरिजन' पत्रात छापले आणि त्याला उत्तर दिले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की गांधींनी त्या पापात स्वतःला धरले होते आणि पुढे ते बिहारच्या आपद्ग्रस्तांमध्ये जाऊन फिरले. तरीही एवढा मोठा आणि करुणामय माणूस या बाबतीत चुकू शकतो, तर सामान्य माणसाने किती सावध असावे हे उघड आहे.

करुणेची उदाहरणे

या काळोखात उजेडही आहे. ऑगस्ट २०१८ च्या केरळ महापुरात मलप्पुरम जिल्ह्यातील एक मच्छीमार पाण्यात ओणवा झाला आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवून स्त्रिया बचावनौकेत चढल्या. त्याच महिन्यात २२ तारखेला बकरी ईद आली. त्रिशूर जिल्ह्यातील कोचुकडवू येथील मशीद पाण्यात होती, तेव्हा जवळच्या मंदिराने आपले सभागृह ईदच्या नमाजासाठी दिले.

२०२३ च्या भूकंपानंतर भारताने तुर्कस्तानात बचावपथके आणि लष्कराचे फिरते रुग्णालय पाठवले. दोन्ही देशांत राजकीय मतभेद होते, पण ढिगाऱ्याखालच्या मुलांना त्यांचा उपद्रव झाला नाही. २०२४ मध्ये वायनाडला ज्या मृतदेहांची ओळख पटली नाही त्यांना पुतुमला येथे एकत्र दफन करण्यात आले. मृतांचा धर्म कळत नव्हता, म्हणून सर्व धर्मांच्या प्रार्थना म्हटल्या गेल्या. तो एक जीव नव्हता काय, या चौदा शतकांपूर्वीच्या प्रश्नाला दिलेले ते उत्तरच होते.

इस्लामी इतिहासात दुसरे खलीफा हजरत उमर (र.) यांचे उदाहरण ठळक आहे. हिजरी सन १८ मध्ये अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. जोपर्यंत सामान्य लोकांना तूप मिळत नाही तोपर्यंत आपणही खाणार नाही, असे त्यांनी ठरवले. तेलावर राहिल्याने त्यांच्या चेहऱ्याचा रंग काळवंडला, असे इतिहासकार लिहितात. दुष्काळ कोणाच्या पापामुळे पडला याची चौकशी त्यांनी मांडली नाही. सीरियाहून धान्य मागवले, लोकांसह पावसासाठी दुआ केली आणि स्वतःचे ताट साधे केले.

काय करता येईल?

१) आपत्तीचे चित्रण किंवा बातमी पुढे पाठवण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही खरी आहे का? यातील माणूस माझा भाऊ असता तर मी हे पाठवले असते का? याने कोणाला मदत मिळणार आहे का? खोटे इशारे पसरवून घबराट निर्माण करणे हा २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ नुसार एक वर्षापर्यंतच्या शिक्षेस पात्र गुन्हा आहे. थट्टेला मात्र अशी कायद्याची वेसण नाही, तेथे सदसद्विवेकच कामी येतो.

२) मृतांचे आणि विलाप करणाऱ्या स्त्रियांचे चेहरे दाखवू नयेत.

३) कारणांची चर्चा अवश्य करावी, पण ती पूररेषा, बांधकाम, धरणाचे दरवाजे, जंगलतोड आणि वेळेवर न पोहोचलेला इशारा यांची असावी. २८-२९ ऑगस्ट २०२० रोजी छिंदवाडा जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, धरणांतून पाणी सोडावे लागले आणि पेंच-कन्हानच्या पुराने नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील गावे वेढली. वरच्या राज्यातील पाऊस खालच्या राज्यात कधी पोहोचेल, हे दोन्हीकडच्या गावांना वेळेवर कळणे हा खरा प्रश्न आहे.

४) मदत देताना आधी गरज विचारावी. वस्तू नवी किंवा वापरण्याजोगी असावी आणि घेणाऱ्याचे छायाचित्र काढू नये. सदका देताना धर्म पाहू नये.

५) कोणी थट्टा करत असेल तर त्याला शिव्या न देता शांतपणे थांबवावे. त्याच्या भीतीला वाट द्यावी आणि शक्य तर मदतीच्या कामात त्यालाच सामील करून घ्यावे.

६) शाळा व मदरशांतून जुन्या आपत्तींच्या आठवणी गोळा करण्याचा उपक्रम घ्यावा. नरखेड, पांढुर्णा, सौंसर या भागांत १९९१ चा पूर पाहिलेली माणसे आज उतारवयात आहेत. पाणी कुठपर्यंत चढले होते, कोणी कोणाला वाचवले, पहिली भाकरी कोणाच्या घरून आली, हे विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून लिहून घ्यावे. ज्याने हे ऐकले आहे तो मुलगा पुढे दुसऱ्या गावाच्या पुरावर सहसा हसणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, नैसर्गिक आपत्तीचा अर्थ लावून माणसांना दोषी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. इस्लामने संकटाकडे पाहण्याची जी दिशा दिली आहे ती स्वतःकडे वळलेली आहे. वादळ दिसले की स्वतःची चिंता करावी, प्रेत दिसले की उभे राहावे, शत्रू उपाशी असला तरी धान्य जाऊ द्यावे. आपत्ती ज्याच्यावर कोसळते त्याच्या धैर्याची परीक्षा होते आणि ती जो पाहतो त्याच्या माणुसकीची. पहिली परीक्षा कोणाच्या वाट्याला कधी येईल हे कोणाच्याच हाती नाही. दुसरी मात्र आज प्रत्येकाच्या हातातील मोबाईलवर रोज होत असते. जमिनीवरच्या लोकांवर दया करणाऱ्यावर आकाशातला दयाळू दया करतो, हा प्रेषितांच्या (स.) शिकवणीचा आशय ध्यानात ठेवला तर त्या परीक्षेत उत्तीर्ण होणे कठीण नाही.